लोणच्याची प्रार्थना

माझ्या मोठ्या बहिणीनं जेवणाआधी प्रार्थनेला डोळे मिटले की तिचा नवरा हळूच हात लांबवून भाजीच्या गंजावर ताट झाकून ठेवी. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत. मी तव्यावरची शेवटची पोळी मुद्दाम कच्ची ठेवत असे, प्रार्थना संपल्यावर ती तरी गरम मिळावी म्हणून. आमच्या घरात थंड वरणाची कोणाला तक्रार नव्हती. गरम वरण कसं लागतं तेच आम्ही विसरलो होतो.

ती देवाला नुसतं मागत नसे. पत्ता देऊन मागत असे. "हे दयाळू स्वर्गीय बापा," अशी सुरुवात चर्चमधल्या मराठीत व्हायची. पहिली दोन वाक्यं शुद्ध जायची आणि मग तिची गाडी आपल्या रस्त्याला लागायची. "बापा, प्रताप नगरातल्या त्या बाईच्या गुडघ्यावर हात ठेव. पाण्याच्या टाकीपासून डाव्या हातची गल्ली. तिथं दोन पांढरी घरं हायेत, चुकशील. ज्याच्या दारात बिनचाकाची सायकल उभी हाय, थे."

मी एकदा धीर करून विचारलं, "देवाला पत्ता ठाऊक नसते का वं?"

"ठाऊक असते. पण दुनियाभरचे लोक मागून राहिले त्याले. आपण नीट सांगितलेलं बरं."

ती एका दवाखान्यात आया होती. वॉर्डातल्या बाया तिला म्हणत, बाई, माझ्यासाठी प्रार्थना करा. ती "हाव" म्हणायची आणि तिथल्या तिथं पदराला एक गाठ मारायची. शनिवारपर्यंत पदराला गाठीच गाठी. मग शनिवारी संध्याकाळी ती खाटेवर बसून एक गाठ सोडी आणि एक प्रार्थना करी. बऱ्याचदा कोणती गाठ कोणाची ते तिलाच आठवत नसे. "बापा, ही चौथी. कोणाची ते तुले ठाऊक. काम भारी होतं एवढं मले आठवते."

एकदा मी एका लग्नाला जायला तिचं जांभळं लुगडं मागून घेतलं. घडी मोडली तर पदराला तीन गाठी. मी सोडायला गेले तर ती ओरडली, "हात लावू नको! त्यात एकीचा मुतखडा हाय, एकीच्या पोरीची मॅट्रिक हाय, अन् तिसरं काहीतरी नाजूक हाय." मी अख्खं लग्न लोकांचा मुतखडा पदरात घेऊन फिरले. पदर पुढं घेतला की गाठी दिसत, मागं टाकला की पाठीला टोचत. एका बाईनं विचारलंच, ही नवी फॅशन का? मला आधीच लोकांत बोलायला जमत नाही. मी "हाव" म्हटलं. पुढच्या लग्नात त्या बाईच्या पदराला दोन गाठी होत्या.

मी अशीच आहे. दुकानात जाऊन "पावशेर गूळ द्या" म्हणायचं तरी मला घाम फुटतो. गल्लीत ओट्यावर माणसं बसलेली असली की मी घरावरून पुढं निघून जाते आणि ती उठली की परत येते. माझ्या बहिणीनं माझ्या वाटचंही बोलून घेतलं होतं. आम्ही दोघी एकाच घरमालकाच्या दोन-दोन खोल्यांत राहत होतो, मधे एक भिंत. तिला काही हवं असलं की ती लाटण्यानं भिंत ठोकायची. एकदा ठोकलं की ये. दोनदा ठोकलं की मीठ घेऊन ये. सारखं ठोकलं की भाऊजी खापरखेड्याहून आलेत आणि ती दोघं भांडताहेत, मी येऊन बसावं म्हणजे भाऊजी गप्प बसतील. भाऊजी तिथल्या वीजघरात होते, फक्त शनिवार-रविवार घरी यायचे. पण त्या दोन दिवसांत ती त्यांच्याशी अख्ख्या आठवड्याचं भांडून घेई.

भांडायची तिची रीतही निराळी होती. आधी क्षमा करायची, मग भांडायचं. "हे पाहा, मी तुम्हाले क्षमा केली हाय. आता ऐका." आणि मग जे सुरू व्हायचं ते ऐकून मांजर बाहेर जाई. मी विचारलं तर म्हणाली, "आधी भांडलं तर मागून क्षमा करायचं राहून जाते. कामं का कमी असतात?"

चर्चमध्ये ती नेहमी उशिरा यायची आणि पहिल्या बाकावर बसायची. गाणं सुरू झालं की सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढं. पेटीवाल्या भाऊंनी पहिले काही महिने तिला थांबवून पाहिलं, मग तेच तिच्यामागं धावायला लागले. आमची उपासना बाकीच्या मंडळ्यांपेक्षा लवकर सुटायची ती तिच्या गाण्यामुळं. पण तिला प्रार्थनेला उभं केलं की ती वाचलेली वेळ व्याजासकट जायची. म्हणून पाळकसाहेब तिला प्रार्थना सांगायच्या आधी दाराकडं बघून घ्यायचे, आणि सांगितलीच तर म्हणायचे, "बाई, थोडक्यात." ती मान हलवायची. थोडक्यात या शब्दाचा तिच्यावर कधीच काही परिणाम झाला नाही.

आमची माय गेली तेव्हाही ती अशीच धावत होती. माय तिच्याच खोलीत गेली, सकाळी, चहाचा कप हातात घेऊन. मी कोठीत पिंपाच्या मागं बसून रडत होते. ही मात्र चहा करत होती, सतरंज्या मागून आणत होती, शवपेटी करणाऱ्या सुताराला "फळ्या घासून लावा, मायचं लुगडं अडकेल" असं सांगत होती. कब्रस्तानात पेटी खाली सोडायला लागले तर हिनं खड्ड्यात वाकून पाहिलं आणि खोदणाऱ्या माणसाला म्हणाली, "भाऊ, मी तुम्हाले क्षमा केली. पण खड्डा तिरपा खोदला तुम्ही. मायची मान अवघडते." आणि तिनं खरोखर पेटी परत वर घेऊन खड्डा सरळ करायला लावला. पाळकसाहेब पुस्तकात बोट घालून उभे राहिले. सगळे उन्हात उभे. कोणी हसलं, कोणी रडलं. तिनं दोन्ही केलं नाही. घरी येऊन तिनं चौतीस कप घासले.

त्या दिवशी नाही, नंतरच्या दिवसांतही नाही, मी तिला मायसाठी रडताना पाहिलं नाही. प्रार्थनेत ती मायचं नावही घेत नसे. तिनं फक्त लोणच्याची बरणी आपल्या फळीवर नेऊन ठेवली.

मायनं जायच्या आधीच्या वर्षी लिंबाचं लोणचं घातलं होतं. चिनी मातीची बरणी, तोंडाला फडकं बांधलेलं. मायचं शेवटचं लोणचं. कपडे वाटले गेले, खाट भावानं नेली, चष्मा कोणी नेला ते आठवत नाही. मायच्या हातचं म्हणावं असं काय उरलं होतं, तर ती अर्धी बरणी. माझ्या बहिणीनं ठरवलं की ते लोणचं खायचं नाही. शनिवारी गाठी सोडून झाल्या की ती मला भिंतीवर ठोकून बोलवायची, फडकं सोडायची, आधी आपण वास घ्यायची, मग मला द्यायची. मग ती फडकं बांधून बरणी परत ठेवायची.

एकदा भाऊजींना ताप आला. तोंडाची चव गेली. ते अंथरुणातून म्हणाले, "मायच्या लोणच्याची एक फोड दे वं. जुनं लिंबाचं लोणचं तापाले चांगलं."

हिनं बरणी आणली, फडकं सोडलं, त्यांच्या नाकाखाली धरली. "घ्या वास."

"वासानं का होते?"

"जेवढं होते तेवढं होऊ द्या."

भाऊजींनी वास घेतला. ताप दुसऱ्या दिवशी उतरला. ही म्हणाली, पाहा. भाऊजी म्हणाले, त्या गोळीनं उतरला. त्यावर सोमवारी ते खापरखेड्याला जाईपर्यंत भांडण चाललं.

मायला जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. उपकारस्तुतीचा सण आला. शेतातलं पीक घरात आलं की आमच्या मंडळीत हा सण होतो. लोक धान्य, भाज्या, फळं चर्चमध्ये आणून वाहतात, आणि उपासनेनंतर आवारात मांडवाखाली प्रीतिभोजन असतं. प्रत्येक घरानं काहीतरी आणायचं, सगळं एकत्र करायचं आणि सगळ्यांनी एका पंगतीत बसायचं. शेजारपाजारच्यांनाही बोलावतात. आमच्या शेजारच्या काकू दर वर्षी यायच्या. त्या बौद्ध. मायची आणि त्यांची अशी गट्टी होती की मायला कोणी विचारलं, तुमची बहीण का, तर माय हाव म्हणायची.

प्रीतिभोजनाचा एक नियम होता. तिथं आणलेलं परत न्यायचं नाही. ते देवाचं झालं. हा नियम कोणी केला होता? माझ्या बहिणीनं. आदल्या वर्षी एक बाई उरलेल्या अनारशांचा डबा घेऊन घरी निघाली होती. ही फाटकात आडवी उभी राहिली. "देवाच्या ताटातलं घेऊन चालली का वं?" ती बाई इतकी लाजली की अनारसेही ठेवून गेली आणि डबाही. तो डबा चर्चच्या खिडकीत पुढचे कितीतरी महिने पडून होता. बाईची परत मागायची हिंमत झाली नाही.

त्या वर्षी आमच्या दोन घरांकडं लोणचं आणायचं काम होतं. बहिणीनं उन्हाळ्यात बरणीभर आंब्याचं घालून ठेवलं होतं. सणाच्या सकाळी ती भांडी लावायला लवकर गेली. जाताना भिंतीवर ठोकून ओरडली, "लहाने, फळीवरची बरणी घेऊन येजो! मी चालली!"

मी तिच्या खोलीत गेले. फळीवर दोन बरण्या. दोन्ही सारख्या, दोन्हींना सारखंच पांढरं फडकं. एक पुढं, एक मागं. पुढची असेल असं मला वाटलं. फडकं सोडून बघायला हवं होतं, पण मायची बरणी तिच्याशिवाय उघडायची माझी छाती नव्हती. गल्लीतून धावत जाऊन विचारावं तर ओट्यावर माणसं बसलेली. मी पुढची घेतली. आदल्याच दिवशी शनिवार होता, वास घेऊन झाल्यावर तिनं मायची बरणी पुढंच ठेवून दिली होती, हे ना तिच्या ध्यानात राहिलं, ना माझ्या.

मी बरणी मांडवात एका बाईच्या हातात दिली आणि मागं पाण्याच्या टाकीशी जाऊन उभी राहिले. तिथं मला आवडतं. पाणी वाढणाऱ्या बाईशी कोणी बोलत नाही.

पंगत बसली. तीन ओळी, पळसाच्या पत्रावळी. भात पडला, वरण पडलं, मटणाचा रस्सा द्रोणात आला. ती बाई लोणचं वाढत गेली, पहिली ओळ झाली, दुसरी अर्धी झाली आणि बरणी खडखडली. तिनं ती खांबापाशी ठेवून दिली. आता प्रार्थना व्हायची आणि मग जेवण. पाळकसाहेब दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी बसले होते, ते उठायच्या बेतात होते.

माझी बहीण त्यांच्यापुढून पोळ्यांचं टोपलं घेऊन चालली होती. ती थांबली. त्यांच्या पत्रावळीकडं बघत राहिली. मग पुढच्या पत्रावळीकडं. मग त्याच्या पुढच्या. आंब्याचं लोणचं लाल असतं. पत्रावळीवर काळ्या कुळकुळीत लिंबाच्या फोडी पडल्या होत्या.

ती टोपलं तसंच घेऊन माझ्याकडं आली. तिचा चेहरा असा मी कब्रस्तानातही पाहिला नव्हता. माझ्या हातातला पेला खाली पडला.

"मायचं हाय," ती म्हणाली.

"मी पुढची... तूच म्हटलं फळीवरची..."

"मी तुले क्षमा केली. आता ऐक. परत मागता येत नाही. नियम माहाच हाय. लोक म्हणतीन, अनारशावाल्या बाईले काहून अडवलं होतं?" तिनं टोपल्यातला चमचा माझ्या हातात कोंबला. "मी प्रार्थना करते. डोळे मिटतीन सगळे. तू गोळा कर."

"सगळ्यांच्या पानातून?"

"मी तुले वेळ देते."

"अवं, पण देव..."

"त्याले मी सांगते."

ती वळली आणि पाळकसाहेब उठायच्या आत म्हणाली, "पाळकसाहेब, आज मी करते प्रार्थना."

पंगतीत एक सुस्कारा उठला. एका म्हाताऱ्यानं पत्रावळीतला भात जवळ ओढून द्रोणानं झाकला. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, थोडक्यात. अन्न निवतं." ती म्हणाली, "हाव, थोडक्यातच." सगळ्यांनी डोळे मिटले.

मी खांबापासची बरणी उचलली. आयुष्यात मी कधी पंगतीच्या मधून चालले नव्हते, आणि आता मला प्रत्येक माणसापुढं वाकायचं होतं, चोरी करायला, चर्चच्या आवारात, प्रार्थना चालू असताना.

"हे दयाळू स्वर्गीय बापा," तिनं सुरू केलं, "तू आम्हाला हे अन्न दिलंस म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो. बापा, तुझ्यापासून काहीच लपत नाही. म्हणून जे करून राहिलो ते तुह्यासमोरच करून राहिलो. तुह्या दासीच्या हाताले बळ दे. तिच्या हाताचं कापणं थांबव, बापा. आवाज करू देऊ नको."

मी पहिल्या पत्रावळीतली फोड उचलली. चमचा बरणीला लागून टण्ण वाजला. तिचा आवाज चढला. "हालेलूया!" काही लोकांनीही म्हटलं, हालेलूया.

ती एक डोळा किलकिला ठेवून होती हे मला कळलं, कारण प्रार्थनेत आता दिशा यायला लागल्या. "बापा, डाव्या बाजूच्या तुझ्या लेकरांना विसरू नको. जे खांबाच्या आड बसले, त्यांच्यावरही तुझी दृष्टी पडू दे. एकही मागं राहू नये, बापा. तो निळ्या सदऱ्यातला, त्याचीही आठवण कर." मी मागं वळून पाहिलं. निळ्या सदऱ्यातल्या भाऊंची फोड भाताखाली सरकली होती. मी परत गेले आणि भात उकरून ती काढली. ते डोळे मिटून पुटपुटत होते, "आमेन, आमेन." आपलं नाव घेतल्यासारखं झालं म्हणून त्यांच्या डोळ्यात पाणी होतं.

पहिली ओळ संपेपर्यंत तिनं दवाखान्यातले सगळे वॉर्ड घेतले. मग खापरखेड्याचं वीजघर घेतलं, त्या आठवड्यात सुटी न मिळालेल्या भाऊजींची पाळी कोणती तेही सांगितलं. मग दिल्लीचं सरकार, मग मुंबईचं, मग आमच्या गल्लीतली गटार, "जी कोणी साफ करत नाही, बापा, तुलाच उतरावं लागेल." लोक अवघडून हलायला लागले. पाळकसाहेबांनी घसा साफ केला आणि मोठ्यानं म्हणाले, "आमेन." ही म्हणाली, "आणि आणखी एक विनंती, बापा."

मी पाळकसाहेबांपुढं आले. ते ताठ बसले होते, डोळे घट्ट मिटलेले, हात जोडलेले. मी वाकून फोड उचलली. फोडीला वरणभाताचा मोठा गोळा चिकटून आला. डोळे न उघडता ते अगदी हळू म्हणाले, "भात राहू द्या, बाई."

मी त्यांचा भात परत ठेवला. त्या जागी मी मेले नाही, हे त्या दिवसाचं मोठं आश्चर्य आहे.

दुसऱ्या ओळीच्या मधे काकू बसल्या होत्या. त्यांनी हात मांडीवर ठेवले होते आणि डोळे सताड उघडे होते. त्यांना आमच्यासारखं डोळे मिटायची सवय नव्हती, आणि पहिल्या पत्रावळीपासून त्या सगळं बघत होत्या. मी त्यांच्यापुढं आले तेव्हा त्यांनी आपल्या फोडीवर पंजा ठेवला.

"काकू," मी ओठांनीच म्हटलं, "मायचं हाय."

"माहीत हाय," त्या कुजबुजल्या. "हे लिंबं म्या कापले होते तुह्या मायसंग. ही एक माही हाय."

मी तिथंच वाकून उभी. बहीण लांबून बघत होती. तिची प्रार्थना अडखळली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिला पुढचा शब्द सापडेना. मग ती म्हणाली, "बापा... ज्याचं त्याले राहू दे. येशूच्या नावानं मागते. आमेन."

एवढ्या जोरात आमेन मी आमच्या मंडळीत नंतर कधी ऐकलं नाही. सगळे जेवणावर तुटून पडले. एक-दोघांनी पत्रावळीकडं बघितलं, "लोणचं वाढलं होतं ना इथं?" बाजूचा म्हणाला, "तुम्ही खाल्लं असेल." जाताना पाळकसाहेब म्हणाले, "आज तुमची प्रार्थना नेमकी होती, बाई." माझ्या बहिणीनं मान खाली घातली. आवारातून बाहेर पडताना बरणी माझ्या पदराखाली होती आणि ती माझ्यापुढून अशी चालत होती की मी कोणाला दिसू नये.

घरी येऊन तिनं परातीत बरणी उपडी केली. फोडी जवळजवळ सगळ्या आल्या होत्या. पण काय झालं होतं त्यांचं! कोणाला भात चिकटलेला, कोणाला वरण, कोणावर रश्शाची तर्री. एका फोडीला पोळीचा तुकडा. एक तर लिंबाची फोड नव्हतीच, वांग्याची होती. बहीण भाताची शितं एकेक करून काढायला बसली. मी पलीकडून काढत होते. तिच्या बोटांतून शितं निसटत होती.

काकू आल्या, दारात उभ्या राहून बघत म्हणाल्या, "कितीबी निवडा पोरीहो. याले पाणी लागलं, शिजलेलं लागलं. चार दिवसांत बुरशी चढते."

"नाही चढत," बहीण म्हणाली.

"चढते वं."

"उन्हात ठेवते."

"उन्हात ठेवलं तरी चढते. खाऊन टाका."

बहिणीनं शितं काढणं थांबवलं. मला वाटलं, आता ही काकूंना क्षमा करणार आणि मग घर डोक्यावर घेणार. पण ती उठली आणि चूल पेटवली. तिनं ज्वारीच्या तीन भाकरी टाकल्या, एक काकूंना दिली, एक मला, एक आपण घेतली आणि परात मधे सरकवली. प्रार्थनेला तिनं डोळे मिटले आणि लगेच उघडले. म्हणाली, "झाली." ती एवढीच होती.

पहिली फोड तिनं घेतली. तोंडात टाकली. आम्ही दोघी तिच्याकडं बघत होतो. तिनं चावलं आणि तिचं तोंड वाकडं झालं, एक डोळा मिटला, खांदे कानापर्यंत वर गेले.

"खारट हाय," ती म्हणाली. "बाप्पा! मीठच मीठ!"

मी खाल्लं. खारट म्हणजे असं की जिभेला भोकं पडावी. वर्षभर आम्ही वास घेत होतो, वासाला मीठ कळत नाही.

काकू हसायला लागल्या. "ते तुह्याच पायी झालं. तुह्या मायनं मीठ टाकलं अन् तू आली दवाखान्यातून. म्हणे माय, लोणचं घालून राहिली तर आधी प्रार्थना करू. झाली सुरू तुही! लिंबाच्या झाडापासून धरली तू. तुही संपली तवा माय मले म्हणे, काहो, म्या मीठ टाकलं का नाई? म्या म्हटलं, मले तर कालचंबी आठवत नाई आता. म्हणून तिनं परत टाकलं. मले म्हणे, पोरीले सांगू नका, तिले वाईट वाटते. आपण गुपचूप खाऊ."

माझी बहीण हसायला लागली. तिचं हसू मला ओळखीचं होतं, ते मोठं असतं, भिंतीपलीकडं जातं. पण ते थांबेना. ती हसता हसता पुढं वाकली, भाकरी हातातून परातीत पडली, आणि तिचा आवाज बदलला. "माय वं," ती म्हणाली. "माय वं, माय वं." वर्षभराचं सगळं रडू तिला त्या परातीपाशी आलं. काकूंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. माझ्या हाताला खार लागला होता, तिच्या पोलक्यावर त्याचे डाग पडले. ते नंतर निघाले नाहीत आणि तिनं काढायचा प्रयत्नही केला नाही.

त्यानंतर तिनं मायसाठी प्रार्थना करायला सुरुवात केली. म्हणजे मायला काही मिळावं म्हणून नाही. नुसतं देवाला मायबद्दल सांगायची. माय कशी घोरायची, माय रेडिओशी कशी भांडायची. देव कंटाळला असेल तर त्यानं तसं दाखवलं नाही. आमच्या भाज्या आणखी थंड झाल्या.

चार दिवस आम्ही तिघींनी तेच लोणचं खाल्लं, सकाळ-संध्याकाळ, घटाघटा पाणी पीत. भाऊजी शनिवारी आले तेव्हा बरणी धुऊन पालथी घातलेली. ते म्हणाले, "मले एक फोड ठेवली नाई?" ही म्हणाली, "तुम्ही वास घेतला होता ना."

आता तिलाही जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा खड्डा सरळ आहे ना ते मी स्वतः वाकून पाहिलं, लोकांसमोर. बोलले काही नाही, पण पाहिलं.

त्या लोणच्याच्या चौथ्या दिवशी, बुधवारी दुपारी, परातीत एकच फोड उरली होती. काकू म्हणाल्या, माह्या पानातली मी खाल्ली, आता तुम्ही बहिणी पाहा. बहिणीनं ती विळीवर धरून कापली. दोन तुकडे झाले, एक मोठा, एक बारका. तिनं दोन्हीकडं नीट पाहिलं आणि मोठा उचलून तोंडात टाकला.

"तुले बीपी हाय, लहाने," ती म्हणाली. "खारट चालत नाही."

मला तेव्हा बीपी नव्हता. आता आहे.